वंशसंहाराचं संग्रहालय: सरकार बदललं की भिंतीवरचा मजकूरही बदलतो का?

ओवी_मास्तरीण

नमस्कार मंडळी,

मी शाळेत इतिहास शिकवते. नववीच्या मुलांसाठी विसाव्या शतकातल्या वंशसंहारांवर चार तासिकांचा एक प्रकल्प करतेय. नुसतं धडा वाचून दाखवण्याऐवजी स्मारकं आणि संग्रहालयं यांच्या आधाराने शिकवावं असा विचार होता. कंबोडियातल्या तुओल स्लेंगपासून, म्हणजे पोल पॉटच्या ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीच्या तुरुंगात उभारलेल्या संग्रहालयापासून, सुरुवात केली आणि तिथेच अडकले.

या एकाच जागेबद्दल वेगवेगळ्या काळातलं लिखाण काढून वाचलं, तर वेगवेगळ्या संस्थांबद्दल वाचतेय असं वाटावं. ऐंशीच्या दशकातल्या मजकुरात 'पोल पॉट-इएंग सारी टोळी', तीस लाखांच्या वर बळी आणि भिंतीवर कवट्यांचा नकाशा. नव्वदच्या दशकात सगळंच मोघम. आणि आत्ताच्या मजकुरात शांतता, चिंतन, जागतिक वारसा.

मग हे शिक्षण म्हणायचं की प्रचार? उद्या एखाद्या मुलाने विचारलं, "बाई, तिथलं खरं किती?" तर काय सांगू? दुसऱ्या देशांतही असंच आहे का? जाणकारांनी प्रकाश टाकावा. धुळवड नको, एवढी विनंती.

बुडबुडा

ज्याचं सरकार त्याची पाटी. यात नवल ते काय? संग्रहालयं सोडा, सरळ पुस्तकातून शिकवा आणि मोकळ्या व्हा.

वाटाड्या

ओवीताई, बुडबुडा म्हणतात ते अर्धं खरं आहे, आणि अर्ध्यावरच थांबल्यामुळे तुमच्या कामाचं नाही. शिवाय पुस्तकं काही आभाळातून पडत नाहीत. कंबोडियात पाठ्यपुस्तकांचे हाल संग्रहालयापेक्षा वाईट झाले. त्यावर येतोच.

मी पर्यटनाच्या धंद्यात होतो, गट घेऊन कंबोडियाला जायचो. ओढ सगळी अंकोरची. नॉम पेन्ह म्हणजे विमान पकडण्याआधीचा एक दिवस. त्या दिवसात तुओल स्लेंग ठेवायचं की नाही यावर गटात हमखास वाद व्हायचा. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला मी पहिल्यांदा आत गेलो तेव्हा तो नकाशा जागेवर होता. सुमारे तीनशे कवट्या भिंतीवर कंबोडियाच्या आकारात मांडलेल्या, आणि त्यांच्या मधून नद्या आणि तोन्ले साप सरोवर लाल रंगात काढलेलं. आमचा स्थानिक गाइड इतर खोल्यांत घडाघडा बोलायचा. या खोलीत मात्र तो यायचाच नाही, दाराशी उभा राहायचा. पुढे ओळख वाढल्यावर म्हणाला, "आमच्यात माणसाचं दहन करतात. हे असं कोणी ठेवत नाही."

मग ठेवलं कोणी? माई लाम नावाच्या व्हिएतनामी कर्नलने. सायगावमधलं युद्धगुन्ह्यांचं संग्रहालय त्याच्याच हातचं. ७ जानेवारी १९७९ ला व्हिएतनामी फौजा नॉम पेन्हमध्ये शिरल्या. तुओल स्लेंग ही मुळात शाळा, तिचा ख्मेर रूजने तुरुंग केला होता, एस-२१. तो सापडला तेव्हा आत शेवटचे चौदा मृतदेह पडलेले होते. त्या चौदा जणांच्या कबरी आजही अंगणात आहेत. काही आठवड्यांतच परदेशी पाहुण्यांना तिथे फिरवायला सुरुवात झाली, आणि १९८० मध्ये संग्रहालय सर्वांसाठी उघडलं. एवढी घाई का? कारण जगाच्या दृष्टीने व्हिएतनाम हा घुसखोर होता. संयुक्त राष्ट्रांतली कंबोडियाची खुर्ची पुढची कित्येक वर्षं ख्मेर रूजच्या बाजूकडेच राहिली. चीन आणि अमेरिका दोघंही व्हिएतनामच्या विरोधात. तेव्हा "आम्ही का आलो ते या आणि बघा" हे सांगणं हा त्या इमारतीचा पहिला उद्देश होता. शाळकरी मुलं त्यात फार मागे होती.

दुसरी अडचण घरचीच. मारणारे कम्युनिस्ट, सोडवायला आलेले कम्युनिस्ट, आणि नव्या सरकारात बसलेले हेंग सामरिन, हुन सेन हे स्वतः आधी ख्मेर रूजमध्ये होते. मग दोष द्यायचा कोणाला? विचारसरणीला देता येईना, पक्षाला देता येईना. म्हणून 'टोळी'. दोन नावं, बाकी सगळे सुटले. आणि जोडीला हिटलरशी तुलना, म्हणजे हे लोक कम्युनिस्ट नव्हतेच, फॅसिस्ट होते, असं ठसवता आलं. भिंतीवर कैद्यांचे शेकडो फोटो लावले, पण त्यातले बरेचसे लोक संशयावरून पकडलेले ख्मेर रूजचेच कार्यकर्ते होते, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. बघणाऱ्याने सगळ्यांना सरसकट निष्पाप नागरिक समजावं, अशीच ती मांडणी.

ओवीताई, त्या जुन्या मजकुरातला तीस लाखांच्या वरचा आकडाही याच काळातला. त्या सरकारने ३३ लाखांचा आकडा धरला होता. अभ्यासक साधारण १७ ते २० लाखांच्या आसपास सांगतात. पावणेचार वर्षांत, एवढ्याशा देशात. फुगवायची गरजच नव्हती खरं तर.

आता तुमचा तो 'मोघम' काळ. कंबोडियातलं युद्ध मिटवण्यासाठी झालेल्या १९९१ च्या पॅरिस करारात वंशसंहार हा शब्दच नाही. 'भूतकाळातील धोरणे आणि प्रथा' असं काहीतरी गुळमुळीत लिहिलंय, कारण ख्मेर रूजही त्या टेबलावर बसले होते. शाळेच्या पुस्तकांतून तो काळ जवळजवळ गायब झाला. २० मे हा 'राग जागवण्याचा दिवस' ऐंशीच्या दशकात गावोगाव सक्तीने पाळला जायचा, तोही थंडावला. १९९६ मध्ये इएंग सारी आपली माणसं घेऊन सरकारकडे आला आणि त्याला राजाकडून माफी मिळाली. म्हणजे ज्या टोळीचं अर्धं नाव त्याचं, तोच आता सरकारचा पाहुणा! १९९८ च्या अखेरीला ख्मेर रूजचे बडे नेते खिउ सांफान आणि नुऑन चिया शरण आले तेव्हा हुन सेन म्हणाले, खड्डा खणा आणि भूतकाळ पुरून टाका. त्या वर्षांत संग्रहालयाला कुलूप लावलं नाही कोणी. दिवे कमी, पाट्या जुन्या, गाइड सावध. कुणी विचारलं तर सांगायचं, नाही तर पुढची खोली.

नकाशा २००२ मध्ये उतरवला. त्यानंतरच्या फेरीत बघितलं तर भिंतीवर त्याच नकाशाचा फोटो.

मग २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने खास न्यायालय सुरू झालं आणि वारं पुन्हा फिरलं. खेड्यापाड्यांतून बसगाड्या भरून लोक खटला ऐकायला आणि तुओल स्लेंग बघायला आणले जाऊ लागले. २००७ मध्ये त्या काळावरचं कंबोडियन लेखकाचं पाठ्यपुस्तक आलं. पूर्वी "सातच जण वाचले" हे पालुपद होतं, ते जाऊन डझनभर नावं समोर आली. त्यातले दोघं अंगणात टेबल मांडून स्वतःच्या आठवणींची पुस्तकं विकायला बसायचे. २०१५ मध्ये जर्मन मदतीने नावांचं स्मारक उभं राहिलं. चेहऱ्यांना नाव मिळायला इतकी वर्षं गेली.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. इथे एक खड्डा आहे आणि मुलं त्यात हमखास पडणार: "व्हिएतनामने मांडलं म्हणजे खोटं." कंबोडियात हे राजकारणात झालंय. २०१३ च्या निवडणुकीआधी विरोधी पक्षनेते केम सोखा यांच्या तोंडी असं वक्तव्य घालणारी ध्वनिफीत फिरली. आपलं बोलणं कापून जोडलंय असं त्यांचं म्हणणं. लगेच काही आठवड्यांतच ख्मेर रूजचे गुन्हे नाकारण्याला शिक्षा देणारा कायदा झाला. २०२५ मध्ये तो आणखी कडक केला, पाच वर्षांपर्यंत कैद. गुन्हे नाकारणाऱ्यांना आळा बसावा हे ठीक, पण कायद्याची वेळ बघा.

म्हणून पुरावा आणि मांडणी या दोन गोष्टी मुलांना सुट्या करून दाखवा. कबुलीजबाब, कैद्यांच्या याद्या, फोटो हे ख्मेर रूजने स्वतः बनवलेले कागद. ते जपले माई लामच्या लोकांनी, प्रचारासाठी का होईना. आणि तीस वर्षांनी एस-२१ चा प्रमुख डुच याला २०१० मध्ये दोषी ठरवताना तेच कागद न्यायालयात कामाला आले. हेतू कसाही असो, राखण चोख झाली.

वर्गात एकच वस्तू घ्यायची तर अंगणातली दहा नियमांची पाटी घ्या. प्रत्येक पर्यटक तिचा फोटो काढतो. फटके मारताना किंवा विजेचा झटका देताना अजिबात रडायचं नाही, असा त्यात एक नियम आहे. वाचून काटा येतो. एप्रिल २००९ मध्ये डुचने साक्षीत सांगितलं की हे नियम आमचे नव्हेत, व्हिएतनामींनी नंतर लिहिले. आता हा माणूस बारा हजारांहून जास्त लोकांच्या मृत्यूला जबाबदार. त्याचं ऐकायचं? पण छळ झाला हे तर तो नाकारत नव्हता, मग पाटीबद्दल खोटं बोलून त्याला काय मिळणार? पाटी बाजूला काढली तरी छळाचा पुरावा कुठे कुठे उरतो? एक तासिका यातच जाईल, आणि जाऊ दे.

कागदपत्री

वाटाड्याकाकांचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा. युरोपातली भर घालतो.

ऑशविट्झचं संग्रहालय १९४७ मध्ये पोलिश संसदेच्या कायद्याने झालं, आणि त्या कायद्यात ते 'पोलिश राष्ट्राच्या आणि इतर राष्ट्रांच्या' हौतात्म्याचं स्मारक आहे. ज्यू 'इतरां'मध्ये. स्मारकाच्या फलकांवर चाळीस लाख बळी असा आकडा होता, मूळचा १९४५ च्या सोव्हिएत आयोगाचा. १९९० मध्ये ते फलक काढले. तिथल्याच इतिहासकाराने, फ्रान्सिशेक पिपर यांनी, कागद तपासून किमान ११ लाख हा आकडा मांडला, त्यातले सुमारे १० लाख ज्यू. म्हणजे एकूण आकडा खाली आला आणि ज्यूंचं प्रमाण पहिल्यांदा लख्ख दिसलं. वंशसंहार नाकारणारे आजही या दुरुस्तीचं भांडवल करतात. म्हणून दुरुस्ती करायचीच नाही, असं तर होऊ शकत नाही.

माझं लाडकं उदाहरण तिथल्या सतरा नंबरच्या इमारतीतलं. ऑस्ट्रियाचं दालन, १९७८ चं. दारातच 'ऑस्ट्रिया: नाझीवादाचा पहिला बळी' असा मथळा आणि नकाशावरून चालणारे बूट. छळछावण्या चालवणाऱ्यांत ऑस्ट्रियन किती होते याबद्दल चकार शब्द नाही. १९९१ मध्ये चान्सलर व्रानित्स्की यांनी संसदेत देशाचा वाटा कबूल केला, तरी दालन तसंच. २००५ मध्ये काय केलं, तर दालन न हलवता तिथे एक फलक लावला: ही मांडणी आजच्या ऐतिहासिक समजुतीशी जुळत नाही. नवं दालन उघडलं थेट २०२१ मध्ये. राजकारण १९९१ ला हललं, भिंत तीस वर्षांनी.

मला तो २००५ चा फलक नव्या दालनापेक्षा जास्त शिकवून जातो. जुनं झाकलं नाही, फक्त त्याच्यावर तारीख टाकली.

अवांतर: लिथुआनियात, व्हिल्नियसमध्ये केजीबीच्या जुन्या इमारतीत १९९२ पासून 'वंशसंहारबळींचं संग्रहालय' होतं. विषय सगळा सोव्हिएत दडपशाहीचा. लिथुआनियातल्या बहुसंख्य ज्यूंची हत्या झाली, त्यांच्यासाठी एक छोटी खोली २०११ मध्ये आली. २०१८ मध्ये संग्रहालयाचं नावच बदललं. बाहेरून टीका झाली नसती तर बदललं असतं का, शंकाच आहे.

पद्मापार

ढाक्याबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. काही काळ कामानिमित्त तिथे राहिले आहे.

तिथलं मुक्तियुद्ध संग्रहालय १९९६ मध्ये काही नागरिकांनी विश्वस्त मंडळ करून सेगुनबागिचातल्या एका जुन्या घरात सुरू केलं. २०१७ मध्ये आगारगावला मोठी इमारत झाली. ते सरकारचं खातं नाही, हे महत्त्वाचं. कारण १९७१ बद्दलची शालेय पुस्तकं तिथे सरकारगणिक बदलतात. स्वातंत्र्याची घोषणा शेख मुजीबांनी केली की झिया-उर-रहमान यांनी, हे मुलाच्या जन्मसालावर अवलंबून! २०२५ च्या पुस्तकांत ते पुन्हा फिरलं. धानमंडीच्या ३२ क्रमांकाच्या रस्त्यावरचं मुजीबांचं घर-संग्रहालय ऑगस्ट २०२४ मध्ये जाळलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पाडलं. एका पक्षाने १९७१ स्वतःच्या मालकीचं करून टाकलं की त्या पक्षावरचा राग १९७१ वरच निघतो, असं मला तिथल्या मैत्रिणींशी बोलताना जाणवलं.

पण ओवीताई, तुमच्यासाठी एक चांगली गोष्ट. त्या संग्रहालयाची फिरती गाडी शाळाशाळांत जाते आणि मुलांना काम देते: घरातल्या किंवा शेजारच्या म्हाताऱ्या माणसाकडून १९७१ ची आठवण विचारून लिहून पाठवा. अशी हजारो पानं जमा झाली आहेत. पाठ्यपुस्तक कुणीही बदलो, आजीने सांगितलेलं त्या मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं आहे, ते मागे घेता येत नाही.

(तिथेही बोललं कमी जातं अशा गोष्टी आहेतच. बिहारी मुसलमानांवर झालेले हल्ले, उदाहरणार्थ.)

बुडबुडा

म्हणजे फिरून तेच ना? सगळे जण आपलं सोयीचं लावतात. कंबोडियात आता 'शांतता' आली, ती तरी खरी का?

वाटाड्या

बुडबुडा, हा प्रश्न मात्र बरोबर विचारलात. जुलै २०२५ मध्ये तुओल स्लेंग, चोएंग एकचं वधस्थळ आणि एम-१३ हा त्याआधीचा तुरुंग, ही तिन्ही ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. नोंदणीच्या शीर्षकातच 'दडपशाहीच्या केंद्रांपासून शांतता आणि चिंतनाच्या जागांपर्यंत' असं आहे. हुन सेन यांचे चिरंजीव हुन मानेत आता पंतप्रधान. त्यांनी देशभर एकाच वेळी ढोल वाजवायला सांगितलं. देशात शांतता आम्ही आणली, हा त्यांच्या पक्षाचा कायमचा दावा. त्या दाव्यात ही नोंदणी चपखल बसते. रागाचा दिवस व्हिएतनामच्या गरजेचा होता, शांततेचा सूर आजच्या सत्तेच्या गरजेचा आहे. २० मे चंच बघा ना: २०१८ मध्ये सार्वजनिक सुट्टी जाहीर केली, २०२० च्या यादीतून काढून टाकली.

पण 'सगळे सारखेच' हे मला पटत नाही. कवट्या टांगून घाबरवणारं दालन आणि मेलेल्यांची नावं वाचता येतील असं दालन, दोन्ही कुठल्या ना कुठल्या सत्तेच्या सोयीने उभी राहिली असतील, तरी दुसऱ्यात जाऊन एखादी बाई आपल्या भावाचं नाव शोधू शकते. पहिल्यात ती फक्त बघू शकत होती. हा फरक मी माझ्या गाइडच्या चेहऱ्यावर पाहिलाय. पुढच्या वर्षांत तो दाराशी थांबेनासा झाला.

शांततेच्या भाषेत काय गळतं, तेही सांगतो. नुऑन चिया आणि खिउ सांफान यांना नोव्हेंबर २०१८ मध्ये वंशसंहाराबद्दल दोषी ठरवलं, तेव्हा तो निकाल व्हिएतनामी अल्पसंख्याकांच्या बाबतीत होता. चाम मुसलमानांच्या बाबतीत एकट्या नुऑन चियाला. ख्मेर लोकांच्या हत्यांना न्यायालयाने मानवतेविरुद्धचे गुन्हे म्हटलं. तुओल स्लेंग बघून बाहेर पडणाऱ्या शंभरातल्या किती जणांना चाम कोण हे सांगता येईल? 'आपण सगळ्यांनी सोसलं' यात कोणाला वेगळं काढून मारलं ते बुडून जातं. मुलांना हे जरूर सांगा.

ओवी_मास्तरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. वहीची चार पानं भरली.

वाटाड्याकाका, दोन शंका. कवट्यांच्या नकाशाचा फोटो दाखवू का? आणि कैद्यांच्या फोटोंवर मुलांकडून 'या व्यक्तीची गोष्ट लिहा' असं लिहून घ्यावं असं मनात आहे. कसं वाटतं?

वाटाड्या

नकाशा नको. चौदा वर्षांची मुलं आहेत, त्यांना तेवढंच आठवेल आणि बाकीचं सगळं पुसलं जाईल. नकाशा होता, २००२ ला काढला, का काढला असेल, एवढं तोंडी सांगा. वाद व्हायला तेवढं पुरे.

गोष्ट लिहायला लावणं तर मुळीच नको. २०२१ मध्ये एका परदेशी कलावंताने हेच फोटो रंगवले आणि काहींच्या चेहऱ्यांवर हसू चिकटवलं. कंबोडियाच्या संस्कृती खात्याने आक्षेप घेतला, नातेवाइकांनी संताप केला, शेवटी ते मागे घ्यावे लागले. ही माणसं कुणाचे तरी आईबाप आहेत, त्यांचे मुलगे-मुली जिवंत आहेत. कल्पनेने भरायची रिकामी जागा नव्हे ती.

त्यापेक्षा मुलांना हे तीन खरे मजकूर शेजारी शेजारी छापून द्या: १९७९ चं 'टोळी' वालं एखादं वाक्य, पॅरिस करारातलं ते वाक्य आणि २०२५ चं युनेस्कोचं शीर्षक. प्रत्येकाखाली विचारा: हे कोणी लिहिलं, तेव्हा सत्तेवर कोण होतं, आणि यात कोणाचं नाव नाही. कागदपत्री यांचा ऑस्ट्रियाचा फलक चौथा घ्या, म्हणजे हा आजार फक्त गरीब देशांचा आहे असं पोरांना वाटणार नाही.

आणि मुख्याध्यापकांकडून चाराच्या सहा तासिका करून घ्या बघू. चारात पॅरिस करारापर्यंतसुद्धा पोचणार नाही तुम्ही.